सतरा नंबरचा डबा

मी भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याकडून भलतीच अपेक्षा ठेवायला नको. आमच्या घराण्यातली माणसं मेंढरांमागे आयुष्यभर चालली, लांडग्याच्या तोंडातून कोकरं ओढून आणली. मी मात्र सातव्या वर्षी लांडग्याचा नुसता आवाज ऐकून मामाच्या घोंगडीत मुतलो. मामाने, म्हणजे गेणबाने, तेव्हाच ठरवलं की हे पोर मेंढरांमागे उपयोगाचं नाही, याला शाळेत घाला. आमच्या भावकीत शिकलेला मी एकटा, पण त्याचं कारण हुशारी नव्हे. ‘भित्रा निघाला म्हणून बीएस्सी झाला’, असं मामा चारचौघांत सांगायचा, लोक हसायचे आणि मीही हसायचो.

माझी आई मी दीड वर्षाचा असताना गेली. मला वाढवलं म्हाळसामामीने. तिची एक रीत होती, ती इथेच सांगायला हवी. कळप कुठल्याही नव्या पाण्यावर आला की मामा आणि कुत्री मेंढरांना लांबच अडवून धरायचे. मामी एकटी पुढे जायची, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, घोळवायची आणि गिळायची. मग मामाची एक तंबाखूची चिमूट संपेपर्यंत सगळे थांबायचे. मामीला काही झालं नाही तर कळप सुटायचा. फार पूर्वी कुणीतरी दोर वळायला घायपात भिजवलेल्या डबक्यातलं पाणी पिऊन मामाची बारा मेंढरं तडफडून मेली होती, तेव्हापासूनची ही रीत. लहानपणी मला प्रत्येक पाण्यावर धडकी भरायची की आता मामी पडणार. ती कधी पडली नाही. तोंड पुसत मागे वळून माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, ‘ग्वाड हाय रं.’

दोन हजार तीन साली मी सव्वीस वर्षांचा होतो आणि दौंडला अनुपमा मॅडमच्या हाताखाली कामाला होतो. मॅडम पुण्याच्या, संशोधन करणाऱ्या. रेल्वे कॉलनीच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेऊन त्यांनी तिथे कॉम्प्युटर, एक नाजूक तराजू आणि माती वाळवायची विजेची भट्टी मांडली होती. कामाचा विषय असा, की उपग्रहातून माळाच्या मातीतला ओलावा मोजता येतो का. उपग्रह वरून सूक्ष्मलहरी जमिनीवर सोडतो आणि त्यातल्या किती परत येतात ते टिपतो. ओली जमीन जास्त परत पाठवते, कोरडी कमी. ढग असोत, धुरळा असो, त्या लहरींना काही फरक पडत नाही. चित्रात ओली जागा पांढरी उमटते आणि कोरडी काळी. एक भानगड मात्र आहे. खडबडीत, दगडगोट्यांची जागासुद्धा पांढरीच दिसते. मग पांढरं दिसतंय ते पाणी की दगड, हे ठरवणार कोण? ते ठरवायचे आमचे डबे.

कुरकुंभच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की मोठा गवताळ माळ लागतो. त्यावर मॅडमनी चाळीस जागा आखल्या होत्या. दर पस्तीस दिवसांनी सकाळी साडेदहाच्या सुमाराला उपग्रह वरून जायचा. त्याच्या तासभर मागेपुढे आम्ही चौघांनी प्रत्येकी दहा जागांवर जाऊन बोटभर खोल माती काढायची, नंबर खोदलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात भरायची आणि झाकणाला चिकटपट्टी लावायची. मग दौंडला आणून तोलायची, एक दिवस भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. माझ्याकडे अकरा ते वीस नंबर होते. बाकीचे तिघे उन्हाला कंटाळले की एका खड्ड्यातून दोन डबे भरायचे आणि झाडाखाली बसायचे. मी तसं कधी केलं नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी त्यांना ऐकवायचोही.

पाडव्यानंतरच्या आठवड्यातली फेरी. सोळा नंबरचा डबा भरून मी सतराकडे निघालो. सतरा नंबर बोरीच्या लवणीत होता. लवण म्हणजे माळातला खोलगट भाग, वरून दिसत नाही, अगदी काठावर गेल्यावर दिसतो. काठावर गेलो आणि थांबलो. खाली एक टँकर उभा होता. मागच्या बाजूने जाड नळी सोडलेली आणि तिच्यातून पिवळट पाणी लवणीत चाललेलं. वास असा, की नाकातून थेट डोळ्यांत जात होता. दोन माणसं होती. एकाने रेघारेघांचा शर्ट घातला होता. त्याने मला पाहिलं आणि केबिनमधून चाक उघडायची लोखंडी टॉमी काढून हातात धरली. तो धावला नाही, ओरडला नाही, हळूहळू चढ चढत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

त्याने नाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. घरी कोण कोण असतं विचारलं, तर बायको रुपाली घरी एकटीच असते आणि तिला सहावा महिना आहे हेसुद्धा सांगून बसलो. एखाद्याने खोटं नाव सांगितलं असतं. भीतीने माझी मतीच गुंग झाली होती. त्याने टॉमीच्या टोकाने माझ्या पिशवीतला रिकामा डबा हलवला, त्यावरचा सतराचा आकडा बघितला आणि म्हणाला, “तूने इधर कुछ देखा नहीं. समझा ना?”

मी मान हलवली. पळालो नाही, चालतच गेलो, कारण पळालो तर तो मागे येईल असं वाटत होतं. सोळाच्या खड्ड्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसलो आणि त्याच खड्ड्यातली कोरडीठाक माती सतराच्या डब्यात भरली. चिकटपट्टी तीनदा वाकडी बसली.

दुसऱ्या दिवशी भट्टीतून डबे निघाले. सोळात चार टक्के ओलावा, सतरातही चार. मॅडमनी वहीत उतरवून घेतलं. मी मनाशी म्हटलं, एक डबा, त्याने काय होतंय. आणि कुणाला सांगायचं? पोलिसांना सांगावं तर रुपाली घरी एकटी. मॅडमना सांगावं तर त्या सरळ लवणीत जाऊन उभ्या राहतील, त्या कुणाला भीत नाहीत. ज्यांना कधी कुणी मारलेलं नाही त्यांचं असंच असतं.

पंधरा दिवस असे गेले. एके दिवशी दुपारी दौंड स्टेशनबाहेर चहा पीत बसलो होतो. शेजारी कुणीतरी येऊन बसलं. रेघारेघांचा शर्ट नव्हता, पण माणूस तोच. त्याने दोन चहा सांगितले, एक माझ्यापुढे सरकवला. माझा आधीचा अजून संपला नव्हता. भाभी कशी आहे, महिने भरत आले का, असं त्याने अगदी आपुलकीने विचारलं. मी ठीक आहे म्हटलं. तो गरम चहा मी एका दमात प्यालो, जीभ पोळली. तो उठून गेला आणि त्यानंतर तासभर मला बाकावरून उठता आलं नाही. त्या दिवसापासून रस्त्यात टँकर दिसला की मी गाडी कडेला घ्यायचो. आणि आमच्या भागात टँकर तर चोवीस तास चालू असतात, त्यात त्या वर्षी दुष्काळ. म्हणजे माझे किती हाल झाले असतील बघा.

मॅडमची चित्रं युरोपातून सीडीवर यायची, त्याला महिना लागायचा. पाडव्यानंतरच्या फेरीची सीडी मेच्या दुसऱ्या आठवड्यात आली, पुढच्या फेरीला दोन दिवस उरले असताना. मॅडमनी मला कॉम्प्युटरपाशी बोलावलं. पडद्यावर सगळा माळ काळा होता, उन्हाळ्यात असतो तसा. मधोमध एक पांढरा ठिपका होता. नखाएवढा, पण इतका पांढरा की नजर दुसरीकडे जाईना. त्यांनी पेन्सिलीचं टोक त्यावर ठेवलं. सतरा नंबर.

त्या शांतपणे बोलत होत्या. डबा म्हणतो चार टक्के, उपग्रह म्हणतो चिखल. दोघांपैकी एक खोटा. डबा खरा असेल तर तिथे नुसते दगड असणार, आणि मग असंच लिहावं लागेल की आपल्या माळांवर ही पद्धत भरवशाची नाही. दोन वर्षांचं काम त्या एका ठिपक्यावर येऊन अडलं होतं. मग त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

“संपत, सतराला तुम्ही स्वतः गेला होतात ना?”

“हो, मॅडम.”

त्या म्हणाल्या, मग डब्यावर माझा विश्वास आहे. परवाच्या फेरीला सतराची माती मी स्वतःच काढीन. परवा मॅडम त्या लवणीत उतरणार, चिखल बघणार, आणि माझी नोकरी जाणार. तोवर मी फक्त नोकरीचाच विचार करत होतो, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्यासाठी होता, मांडवगण फराट्याहून. त्या वर्षी मामा कोकणात उतरला नव्हता. मांडवगणच्या दत्ता नावाच्या बागाईतदाराच्या रिकाम्या उसाच्या रानात त्याने मेंढरं बसवली होती. मेंढरांनी रात्रभर बसून रानाला लेंडीखत द्यायचं आणि मालकाने धान्य द्यायचं, असा तो व्यवहार. दत्ता म्हणाला की मामा काल भीमा उतरून पलीकडे गेला. तिकडचं खाणं संपलं म्हणून लवकर निघाला. शिवाय त्याचा पुतण्या पुढे जाऊन माळ बघून आला होता.

“बोरीच्या लवणीत पानी साचलंय म्हनं. कडंनी हिरवंगार गवात हाय. मामा लई खूश हुता. म्हनला, आमच्या संपतला सांगा, उद्या सकाळच्याला तळ लवनीत पडनार हाय, येऊन जा म्हनावं.”

फोन ठेवला. मेच्या महिन्यात, दुष्काळात, सगळा माळ करपलेला असताना त्या एका जागी हिरवं गवत. मेंढपाळाला यापेक्षा दुसरं आमंत्रण लागत नाही. मामा तिथेच येणार होता. आणि मेंढरांच्या आधी पाण्यापाशी कोण जाणार हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

त्यांच्याकडे फोन नव्हता. निरोप द्यायचा तर जाऊनच द्यायला हवा होता. दुपारी तीनला मी माझी एम-८० गाडी काढली. भीमेच्या बाजूने येणाऱ्या वाटेवर ते कुठेतरी भेटलेच असते. कुरकुंभच्या फाट्यापाशी आलो तर समोरून एक टँकर आला आणि माळाकडच्या कच्च्या रस्त्याला वळला. केबिनमध्ये कोण होतं ते दिसलंसुद्धा नाही. मी गाडी वळवली आणि घरी आलो. सकाळी जाऊ, सकाळीही वेळ आहे, कळप उन्हं वर आल्याशिवाय लवणीत पोचणार नाही, असा हिशोब मनाशी मांडला. हिशोब बरोबर होता, पण मांडणारा माणूस हलकट होता. रुपालीने दोनदा विचारलं की काय झालंय. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी निघायला मात्र उशीर झाला, कारण गाडी सुरू होईना आणि किक मारणाऱ्या पायात जोरच नव्हता. माळावर पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. लांबूनच धूळ दिसली आणि मेंढरांचा आवाज आला. लवणीच्या अलीकडच्या काठावर मामा हात पसरून कळप अडवून उभा होता, कुत्री दोन्ही बाजूंना, पुतण्या मागे. दोन-अडीचशे मेंढरं. त्यांना हिरव्याचा वास लागला होता, ती पुढे रेटत होती. आणि मामी लवणीत उतरत होती. हिरवी साडी, डोक्यावर पदर, अनवाणी.

मी ओरडलो. म्हणजे तोंड उघडलं, आवाज आला नाही. स्वप्नात होतं तसं दिवसाढवळ्या झालं. मामी पाण्याच्या काठाला पोचली. चिखलाच्या मधोमध काहीही उगवलं नव्हतं, कडेने मात्र गवत हिरवं, गुडघाभर वाढलेलं. त्या दिवशीचा तो वास आता जाणवत नव्हता. ती वाकली. मी गाडीचा कान पिळला आणि सरळ कळपात घुसलो. दुसरा रस्ता होता, दगडांच्या बाजूने वळसा घालून जाता आलं असतं. पण तेवढं सुचेल असं डोकं ठिकाणावर कुठे होतं? मेंढरं फाकली, मामा शिव्या देत बाजूला उडाला, मी उतारावरून घसरत खाली गेलो आणि गाडीसकट मामीच्या पायाशी पडलो.

तिच्या तोंडात पाणी होतं. गाल फुगलेले. मला बघून तिचे डोळे हसले. मी तिचा जबडा धरला, दोन्ही हातांनी धरला, आणि खाली वाकवलं. पाणी बाहेर आलं. ती खोकायला लागली, मग ओठांवर हात दाबून खालीच बसली. मी तिच्या तोंडात माझ्या बाटलीतलं पाणी ओतत होतो, ती थुंकत होती, पुन्हा ओतत होतो.

आणि वर मी जे करून आलो होतो ते आता खाली आलं. कळप फुटला होता. मोठी मेंढरं रानभर पांगली, पण तहानलेली कोकरं सरळ उतारावरून धावत येऊन पाण्यावर पडली. मामा आणि पुतण्याने मानगुटी धरधरून ओढली. तरी किती प्यायली ते कळायला मार्ग नव्हता. अर्ध्या तासाने कळलं. एकेक कोकरू पाय झाडत आडवं व्हायला लागलं, नाकातोंडातून फेस. सात गेली. मी तिथे गेलोच नसतो तर एकही गेलं नसतं, फक्त मामी गेली असती. गुपचूप वळसा घालून गेलो असतो तर कुणीच गेलं नसतं. आदल्या दुपारी परतलो नसतो तर काय, हे बोलायलाच नको.

लवणीपासून लांब, बाभळीच्या सावलीत मामी बसली होती. ओठ सुजले होते, जिभेवर पांढरे फोड आले होते. दवाखान्यात न्यायला हवं होतं, मी तेच म्हणत होतो. पण मामाने मला धरून समोर बसवलं. त्याला शिव्यांबद्दल वाईट वाटत होतं. त्याने विचारलं की पाणी खराब आहे हे मला कळलं कसं.

इथे तरी मी खरं बोलायचं. पण नाही. तोंडातून निघालं, “उपग्रहानं दाखवलं, मामा. चित्रात आलं.”

मामाने वर आभाळाकडे बघितलं. बघता बघता त्याचे डोळे भरून आले. डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि कुणीतरी वर बसलंय अशा भावाने हात जोडले. मग पुतण्याकडे वळून म्हणाला, “बघ. भित्रं म्हनून शाळंत घातलं. आज त्यानंच घरची लक्षुमी वाचीवली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणापासून त्या माणसाने एकदा तरी असं काही म्हणावं म्हणून मी वाट बघितली होती. आणि म्हणाला तो नेमका आज, मेलेल्या कोकरांच्या शेजारी बसून. मी मान खाली घातली. मामाला वाटलं मी लाजलो.

मामी माझ्याकडेच बघत होती. तिला बोलताना त्रास होत होता, शब्द जड येत होते, पण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

“तुज्या उपग्रहाला चव कळती व्हय रं?”

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिलो.

“पानी हाय, इतकं कळलं आसंल त्याला. इख हाय, ते कुनी सांगितलं?”

शाळेत एक दिवस न गेलेल्या बाईने ते विचारलं. उपग्रहाला कळतं ते फक्त ओलं आणि कोरडं. याहून जास्त काही कळत नाही, हे मॅडमनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं आणि मामीला ते बसल्या जागी उमगलं. मग मी सगळं सांगितलं. टँकर, टॉमी, चहा, सोळाच्या खड्ड्यातला सतराचा डबा, आदल्या दुपारी वळवलेली गाडी. काहीच गाळलं नाही. मामाने मुंडासं पुन्हा डोक्याला बांधलं, उठला आणि कोकरांकडे गेला. परत आला नाही. मामीने एवढंच विचारलं, “कवापास्नं ठावं हुतं?”

“महिना झाला, मामी.”

तिने पदर ओठांवर धरला आणि दुसरीकडे बघितलं.

तिला दौंडला नेलं ते मीच, गाडीवर मागे बसवून. आयुष्यात पहिल्यांदा ती गाडीवर बसली होती. कच्चा रस्ता, खड्डे. मी दोनदा म्हटलं, मामी, खांद्याला धर. तिने मागच्या कॅरिअरची सळई दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. दवाखाना येईपर्यंत माझ्या अंगाला तिचं बोटसुद्धा लागलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं की पाण्यात काय होतं, कुणी टाकलं, कुणी पाहिलंय का. मी पाहिलंय, असं मी म्हणालो. पोलीस आले, त्यांनाही सांगितलं. आवाज शेवटपर्यंत कापत होता. टँकर कुणाचा, कुठून यायचा, ते कधीच सिद्ध झालं नाही, त्यामुळे मीही इथे कुणाचं नाव घेत नाही. लवणीत मात्र तो पुन्हा आला नाही. आणि ज्या माणसाच्या भीतीने मी तो महिना काढला, तो मला आजपर्यंत पुन्हा दिसलेला नाही. वर्षभर मी दाराला दोन कड्या लावून झोपलो. मुलगी झाली, तिच्या बारशालाही माझं लक्ष दाराकडे होतं.

मॅडमना त्याच दिवशी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही काढली आणि पट्टी धरून एक सरळ रेघ मारली. सतरावर नव्हे. अकरा ते वीस, सगळ्यांवर, आणि मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या फेऱ्यांच्या पानांवर. मी म्हटलं, मॅडम, बाकीचे सगळे डबे खरे आहेत, उन्हातान्हात फिरून मी स्वतः भरलेत. त्यांनी मान डोलावली. “असतील,” म्हणाल्या, “पण ते आता मला कसं कळणार?” उपग्रह खरा ठरला होता, पण माझे डबे नसल्यामुळे त्यांना ते छापता आलं नाही.

मामी महिन्याभराने बरी झाली. आवाज थोडा घोगरा झाला, तो तसाच राहिला. आणि जिभेची चव गेली. कालवणात मीठ किती हे ती आता पुतण्याच्या बायकोला विचारते. माझ्याशी बोलणं तिने बंद केलं नाही. गेलो की भाकरी वाढते, मुलीची चौकशी करते. मामा जुना विनोद मात्र आता करत नाही. मी भित्रा म्हणून शिकलो, हे पुन्हा त्याच्या तोंडून ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याआधी कळप परत आला तेव्हा मी मुद्दाम वाटेवर जाऊन भेटलो. एका जुन्या खाणीत पाणी साचलं होतं. वरून स्वच्छ दिसत होतं. मामाने कळप लांब अडवला आणि मामी सवयीने पुढे निघाली. मी धावत जाऊन तिच्या पुढे उभा राहिलो. म्हटलं, मामी, तुला आता चव कुठे कळते? आजपासून मी आधी पितो. हे मी मनापासून म्हणालो होतो. महिनाभर घोकत होतो.

ती थांबली. रागावलेली नव्हती. लहानपणी ताप आला की बघायची, तशी माझ्याकडे बघत होती.

“तू पिशील रं,” ती म्हणाली. “पन कडू लागलं तर आमाला सांगशील व्हय?”

आणि मला हाताने बाजूला सारून तिने पाण्यात ओंजळ घातली.